सरकारी दाणा

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

सुरतच्या कापड मार्केटमधल्या शेठने ही डायरी दिली. गुजराती नवं वर्ष दिवाळीलाच लागतं, म्हणून तो दरवर्षी वाटतो, आणि दरवर्षी मी ती शेजारच्या पोरांना चित्रं काढायला देऊन टाकते. या वेळी ठेवून घेतली. लिंबायतच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले, पण नंतर साड्यांना लेस लावता लावता लिहायचा हात गेला. अक्षर बघून मलाच लाज वाटतेय.

योगराज भाऊला ओवाळलं. त्याने ताटात ओवाळणी म्हणून कागद ठेवला. तांदळाच्या गिरणीचा परवाना, आणि त्यावर माझं नाव. गायत्री गजेंद्र पाटील. सासूबाईंना वाचता येत नाही, तरी त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला.

भाऊ इतकी वर्षं लूम्सच्या कारखान्यात फिटर होता. मालकाने यंत्रं भंगारात काढली तेव्हा तोही घरी बसला. मग मांडवीच्या अलीकडे एका गावात कुणाचं तरी मळणीयंत्र दुरुस्त करायला गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांशी त्याचं जमलं. तिकडे भाताच्या पिकाला डांगर म्हणतात. शेतकरी डांगर तशीच कच्ची मोठ्या मिलला देऊन टाकतात आणि घरी खायला तांदूळ दुकानातून आणतात. भाऊ म्हणाला, गावातच छोटी गिरणी बसवू, तांदूळ काढू, सुरतेत विकू. बाईच्या नावावर असलं की सरकारची मदत मिळते, म्हणून परवाना माझ्या नावावर. यंत्र तो बघणार. आमच्या गोडादऱ्यात विकणार मी.

हे (माझे मालक, पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये आहेत) म्हणाले, "तुझा भाऊ आहे म्हणून मी हो म्हणतोय."

मी म्हटलं, माझा भाऊ आहे म्हणूनच तर.

१४ नोव्हेंबर

आज गिरणी सुरू झाली. मी नवी साडी नेसून गेले आणि तासाभरात तुसाने पिवळी झाले.

पहिली डांगर रमणभाईंनी ओतली. रमणभाई चौधरी म्हणजे त्या शेतकऱ्यांचे पुढारी. उंच, कमी बोलणारे. रबराचे दोन रोल एकमेकांवर फिरतात, त्यातून दाणा गेला की साल सुटते. तूस पाठीमागे उडतो, दाणा पुढे पॉलिशला जातो. भाऊ सगळ्यांना शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगत होता. तांदूळ खाली पडायला लागला तेव्हा रमणभाईंच्या बायकोने ओंजळ धरली. मीही धरली. तो गरम असतो, हे मला माहीत नव्हतं. आयुष्यभर तांदूळ निवडला, पण गरम तांदूळ पहिल्यांदा हातात घेतला.

रमणभाई म्हणाले, "बेन, माझ्या शेताचा चावल मी आज पहिल्यांदा बघतोय."

२६ नोव्हेंबर

कलाबाईने पहिलं पोतं घेतलं. आमच्या समोरच्या घरात राहते, साड्यांना खडे चिकटवायचं काम करते. तिने घेतलं म्हटल्यावर बाकीच्या बायका आल्या. मी प्रत्येकीला सांगते, शेतकऱ्याच्या शेतातून तुमच्या पातेल्यात, मध्ये कुणी नाही.

तक्रारही आली. तुकडा फार आहे आणि भात गिचका होतो. भाऊला फोन केला. तो म्हणाला, नवा तांदूळ चिकटच होणार, आणि तुकड्याचं मी बघतो, रोल नीट बसले नाहीत अजून.

१० डिसेंबर

आज भाऊला जरा बोलले. पोती वेळेवर येत नाहीत. मी इथे गल्लीतल्या सरलाबाईच्या महिला मंडळातल्या सगळ्या बायकांना शब्द देऊन बसलेय. भाऊ म्हणाला, पहिल्या खेपेला तुकडा जास्त निघाला म्हणून काही शेतकरी नाराज आहेत, पुन्हा मोठ्या मिलकडे वळलेत. मी म्हटलं, ते तू बघ. इथे मी तोंड दाखवू शकत नाही. शनिवारी टेम्पो भरून आला पाहिजे.

त्याने शनिवार कितवा ते विचारलं. मग म्हणाला, "होईल."

असंच बोलावं लागतं पुरुषांशी. त्याशिवाय हलत नाहीत.

१५ डिसेंबर

काल टेम्पो भरून आला. मी म्हटलंच होतं.

आणि तांदूळ काय सुरेख. तुकडा जवळजवळ नाही, दाणा जरा जाडा पण चकचकीत. भाऊ म्हणतो दुसऱ्या शेताचं वाण आहे. संध्याकाळी शिजवून बघितला, एक एक शीत सुटं. ह्यांनी दोनदा वाढून घेतला. सासूबाई मात्र शीत बोटात धरून म्हणाल्या, "नवा तांदूय इतला मोकया कसा व्हस?" त्यांना सुनेच्या धंद्याचं कौतुक करवत नाही, पण मोकळा झाला हे तरी कबूल केलं.

२९ डिसेंबर

न सांगता गिरणीवर गेले. भाऊला तिळाचे लाडू नेले होते.

यंत्र बंद होतं. रोलचा पट्टा काढून खिळ्याला टांगलेला. भाऊ म्हणाला, लाइट नाही. मागे तुसाचा ढीग मागच्या वेळी होता तेवढाच आहे, त्यावर कोंबडीने अंडी घातलीत. मला हसू आलं. भाऊला दाखवलं तर तो हसला नाही. किती वाळलाय. रात्रंदिवस राबतोय बिचारा माझ्या ऑर्डरींसाठी.

निघताना रस्त्यात रमणभाई भेटले. त्यांनी विचारलं, "बेन, सुरतमध्ये माल बरोबर जातोय?" मी अभिमानाने सांगितलं, दर आठवड्याला टेम्पो. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "दर आठवड्याला?" मी म्हटलं, तुमच्याच कष्टाचं फळ आहे. त्यांनी हात जोडले आणि सायकल वळवली. साधा माणूस. कौतुक केलं की लाजतो.

६ जानेवारी २०२५

पांडेसऱ्यातूनही मागणी. ह्यांच्या खात्यातले लोक नेतात.

आज स्कूटरवाला आला होता, गल्लीत रेशनचा तांदूळ विकत घेत फिरतो तो. सासूबाईंनी आपला दिला. मी चिडवलं की फुकटचा मिळतो तर खात का नाही. म्हणाल्या, सूनबाईच्या गिरणीचा असताना तो कोण खातं. हे त्यांनी चक्क चौघींसमोर म्हटलं. आजचा दिवस चांगला.

१५ जानेवारी

दार लावून लिहायला बसलेय.

काल उत्तरायण झाली, म्हणजे आपली संक्रांत, आज दुसरा दिवस, वासी उत्तरायण. सगळे गच्चीवर पतंग उडवत होते. दुपारी गल्लीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. कुणीतरी वाटीभर पाण्यात तांदूळ टाकलाय आणि त्यातले काही दाणे वर तरंगतायत, पिवळट. बाईचा आवाज: हा बघा प्लास्टिकचा तांदूळ, आपल्याच गल्लीत विकला जातोय. मग पोतं दाखवलं. आमचं पोतं. त्यावर माझं नाव.

गच्चीवरच होते मी. आजूबाजूला सगळ्यांचे फोन वाजले. एकेक जण खाली बघायचा, मग माझ्याकडे. पतंग कापला की नेहमी आरडाओरडा होतो, तोही थांबला. मी जिना उतरले तेव्हा पायऱ्या दिसत नव्हत्या, भिंतीला हात लावत उतरले.

प्लास्टिक. मी लेकरांच्या तोंडात प्लास्टिक घातलं म्हणतात.

१६ जानेवारी

सकाळपासून दारात पोती परत येतायत. कुणी बोलत नाही, ठेवतात आणि जातात. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. भाऊचा फोन बंद.

मी स्वतः वाटीत पाणी घेऊन बघितलं. काही दाणे खरंच तरंगले. एक चावला, पिठासारखा मऊ. वाटी तशीच ठेवून मोरीपाशी बसले. ह्यांनी येऊन वाटी ओतून टाकली.

१७ जानेवारी

देव आहे.

अंगणवाडीच्या योगिताताईंकडे दाणे पुडीत बांधून नेले. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, प्लास्टिक नाही, हा ताकदीचा दाणा आहे. तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्व घालून कारखान्यात बनवतात, आणि सरकार तो रेशनच्या तांदळात मिसळतं. काही दाणे तरंगतात, शिजताना लवकर मऊ होतात, म्हणून लोक घाबरतात. त्यांना वरून या माहितीचा कागदही आलाय. मी तिथेच त्यांच्या पाया पडले.

घरी येऊन ग्रुपवर आवाजाचा मेसेज टाकला. मुद्दाम मोठ्याने बोलले. "मी गायत्री बोलतेय. माझ्या तांदळात सापडलेले दाणे प्लास्टिकचे नाहीत. ते सरकार रेशनच्या तांदळात घालतं ते ताकदीचे दाणे आहेत. अंगणवाडीत जाऊन कुणीही खात्री करा. माझं नाव खराब करणाऱ्यांनी आता तोंड दाखवावं." पांडेसऱ्याच्या ग्रुपवरही पाठवला. भाऊलाही पाठवला.

आज दोन दिवसांनी पोटभर जेवले.

१८ जानेवारी

दुपारी कलाबाई आली. मी लेस लावत होते. ती समोर बसली, पाणी नको म्हणाली.

"तुझा मेसेज ऐकला गं. प्लास्टिक नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडला."

मी म्हटलं, मग.

"पण तो दाणा सरकार रेशनच्या तांदळात घालतं म्हणालीस ना?"

"हो."

"मग तो तुझ्या तांदळात कुठून आला?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. सुई कापडात अर्धी जाऊन थांबलेली. कलाबाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठून गेली.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंच्या डब्यात या महिन्याचा रेशनचा तांदूळ थोडा उरला होता. तो एका ताटात ओतला, शेजारी माझा. खिडकीपाशी नेऊन बघितला. माझा जास्त चकचकीत, एवढाच फरक. दाणा तोच.

काल मीच माझ्या तोंडाने सगळ्या गोडादऱ्याला सांगितलं. सगळ्यांना कळलं असेल. मला एकटीला कळायचं राहिलं होतं.

१९ जानेवारी

पहिल्या बसने गिरणीवर गेले.

लांबूनच यंत्राचा आवाज आला. रोलचा पट्टा खिळ्यालाच होता. फक्त पॉलिश चालू होती. भाऊ त्यात तांदूळ ओतत होता, डांगर नाही, तांदूळ. मला बघून त्याने आधी यंत्र बंद केलं. मग हात पुसले. मग उभा राहिला.

मी ओरडेन असं बसमध्ये वाटत होतं. हळूच विचारलं, कुठून आणतोस. म्हणाला, उधन्याकडे एक व्यापारी आहे. त्याचे स्कूटरवाले गल्ल्यांतून गोळा करतात. गोडादरा, लिंबायत, पांडेसरा.

"लोक स्वतः विकतात, गायत्री. चोरी नाही."

म्हणजे सासूबाईंनी दारात विकलेला तांदूळ इथे यायचा, पॉलिश होऊन माझ्या नावाच्या पोत्यात भरायचा, आणि मी तोच त्यांना शिजवून वाढायचे. कलाबाईनेही विकलाय. सरलाबाईनेही. गल्लीतल्या सगळ्यांनीच.

भाऊ बोलत राहिला. शेतकरी येईनात, तू पोती मागत होतीस, एकच टेम्पो आणू म्हटलं, वेळ निघून जाईल. मग तू दुसरा मागितलास. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हतेही. त्याच्या पापण्यांवर कोंडा बसला होता, तेवढाच दिसत होता.

परत कशी आले आठवत नाही. तिकीट काढलं असणार, कारण पदरात आहे.

२० जानेवारी

हे म्हणतात गप्प राहा. चार दिवस गेले की लोक विसरतात, परवाना तुझ्या नावावर आहे, बोललीस तर पहिली तूच अडकशील. खोटं नाही म्हणत.

सासूबाईंना सांगितलं. त्या उठून भाताचं पातेलं घासायला बसल्या. स्वच्छच होतं ते.

२२ जानेवारी

आज सरलाबाईकडे हळदीकुंकू होतं. बोलावणं आधीचं होतं. मला बघून दारात जरा गडबड झाली, पण आत घेतलं. गल्लीतल्या बहुतेक सगळ्या होत्या. म्हटलं, पुन्हा एवढ्या एका जागी मिळणार नाहीत.

मी उभी राहिले आणि सांगितलं. तांदूळ रेशनचा होता. गिरणीत पॉलिश करून भरलेला. स्कूटरवाला आपल्याकडून नेतो तोच. मला माहीत नव्हतं, पण विकला मी.

सरलाबाई माझ्या समोर कुंकवाची कोयरी धरून होती. बोट कुंकवात बुडवलेलं. ते माझ्या कपाळापर्यंत आलं नाही. तिने शेजारच्या बाईला लावलं आणि पुढे गेली.

कोपऱ्यातली एक जण म्हणाली, "म्हणजे मी दारात विकला आणि तुझ्याकडून परत विकत घेतला?" मी हो म्हटलं. कुणी हसलं नाही. वाण न घेता बाहेर पडले, कुणी थांबवलं नाही.

२३ जानेवारी

रमणभाईंकडे गेले. त्यांच्या ओसरीवर शेतकरी जमले होते. त्यांना सांगायची गरजच नव्हती. महिनाभर कुणी डांगर दिली नाही आणि टेम्पो मात्र भरून जात होते, हे त्यांना दिसतच होतं. त्यांना वाटत होतं की मी आणि भाऊ मिळून करतोय. मी तोंडावर पदर घेतला तेव्हा रमणभाईंच्या बायकोने तो ओढून खाली केला आणि पाण्याचा तांब्या दिला.

रमणभाई म्हणाले, कुणी येण्याआधी आपणच जाऊ. तिथूनच आम्ही पुरवठा खात्याच्या कचेरीत गेलो.

२५ जानेवारी

गिरणीला सील. पोती जप्त. भाऊला आणि त्या व्यापाऱ्याला चौकशीला नेलं. मनीषा वहिनी माझ्या दारात आली आणि म्हणाली, सख्ख्या भावाला धरून दिलंस. मी काय बोलणार. दिलंच आहे.

२८ जानेवारी

जबाबाला बोलावलं होतं. साहेबांनी आधी भाऊचा जबाब वाचून दाखवला. गुजरातीत होता, ते वाचत होते आणि मी मान हलवत होते, सगळं खरंच होतं. मग एक वाक्य आलं. "मारी बहेनने बधी खबर हती."

माझ्या बहिणीला सगळं माहीत होतं.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी वाचलं. म्हटलं, हे त्याने नाही सांगितलं. त्यांनी कागद फिरवून खालची सही दाखवली. भाऊची सही मी ओळखते, त्याच्या 'य'ची शेपटी लांब असते.

गिरणीवर पट्टा खिळ्याला बघितला तेव्हा धक्का बसला होता. कलाबाईने विचारलं तेव्हा बसला होता. आता कळतंय, ते काहीच नव्हतं. कानात शिट्टीसारखं वाजत होतं. साहेब काहीतरी विचारत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. ह्यांनी बाहेर आणून बाकावर बसवलं. मी एकच म्हणत होते म्हणे, मी त्याला ओवाळलंय.

२९ जानेवारी

काही नाही. पडून आहे.

३१ जानेवारी

हे कलाबाईने मला नंतर सांगितलं, तसंच लिहिते.

काल ती गल्लीतल्या काही बायकांना घेऊन त्या कचेरीत गेली. सरलाबाईसुद्धा होती. त्यांनी साहेबांना माझा आवाजाचा मेसेज ऐकवला. साहेबांनी दोनदा ऐकला. कलाबाई म्हणाली, "साहेब, जिला माहीत आहे ती बाई असं स्वतःच्या तोंडाने सगळ्या गावाला सांगेल का?" साहेब हसले म्हणे. मग बायकाही हसल्या. साहेबांनी मेसेज उतरवून घेतला आणि म्हणाले, बाईला साक्षीदार म्हणून ठेवू.

सुटले. चोर नाही, मूर्ख आहे, असं ठरून सुटले. कलाबाईसमोर मी रडले, तिला वाटलं आनंदाने.

१६ फेब्रुवारी

भाऊ जामिनावर सुटलाय. आज दुपारी आला. सासूबाईंनी दार उघडलं आणि आत निघून गेल्या. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा. मी विचारलं, तसं का सांगितलंस.

त्याला माझा प्रश्न कळलाच नाही. खरंच कळला नाही. चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाला, "माले वाटनं, तुले माहीत शे."

त्याला वाटत होतं मला माहीत आहे. म्हणाला, तू त्या दिवशी आलीस, पट्टा काढलेला बघितलास, तूस बघितलास, लाडू देऊन गेलीस. लहानपणापासून तू हुशार. मी सांगू शकलो नाही ते तू बघून घेतलंस आणि गप्प राहिलीस, भावाची लाज राखलीस, असं मला वाटलं. त्याच दिवसापासून मला नीट झोप लागायला लागली. जानेवारीत आलीस तेव्हाही तू कुठून आणतोस एवढंच विचारलंस.

मी दाराची कडी धरून उभी होते. तो खोटं बोलत असता तर त्याच्यावर ओरडता आलं असतं.

मी म्हटलं, मला खरंच नव्हतं माहीत भाऊ.

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. इतके दिवस मी त्याच्यासोबत त्या गुन्ह्यात होते त्याच्या मनात. आता तो एकटा झाला. तो जिना उतरून गेला.

रात्रीपासून एकच विचार. मला माहीत नव्हतं हे खरं. पण मला दिसलं होतं, हेही खरं.

९ मार्च

गिरणीचं सील निघालं. दंड शेतकऱ्यांच्या गटाने भरला आणि परवाना रमणभाईंच्या सुनेच्या नावावर झाला. भाऊची केस चालू आहे. तो सुरतजवळच्या सचिन गावी कुठल्याशा कारखान्यात लागलाय म्हणे, वहिनीने ह्यांना सांगितलं. माझ्याशी ती बोलत नाही.

रमणभाईंनी निरोप पाठवला, उन्हाळी डांगर निघाल्यावर सुरतेत विकायला तुम्हीच या. मी उलट निरोप पाठवला की विकणार नाही. मला आधी यंत्र चालवायला शिकवा. जे पोत्यात भरते ते निघताना मी बघणार.

२२ मे

कालव्याच्या पाण्यावरची डांगर निघाली. काल आणि आज गिरणीवर होते. यंत्र मला चालवता येतं, पट्टा चढवता येतो, पण आज सकाळपासून तुकडा पडत होता. रोल घट्ट केले तर दाणा फुटतो, सैल केले तर साल राहते. रमणभाईंची सून आणि मी आळीपाळीने रोल सैल-घट्ट करायचं चाक फिरवत होतो. बाहेर शेतकरी पोती घेऊन बसलेले. कुणी काही म्हणत नव्हतं, पण एक जण उठून बैलगाडीकडे बघून आला. मोठ्या मिलची वाट तिकडूनच जाते.

मी बाहेर जाऊन भाऊला फोन लावला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

त्याने उचलला. मागे लूम्सचा खडखडाट ऐकू येत होता.

मी म्हटलं, "रोलमधून तुकडा पडतोय."

त्याने विचारलं, "डांगर किती वाळवली?"

"दातांखाली कडक लागते."

"मी येऊ?"

"नको. फोनवरच सांग."

तो खोकला. मग म्हणाला, "यंत्र चालू कर आणि फोन त्याच्याजवळ धर."

मी आत गेले. सुनेने बटण दाबलं. मी हात लांब करून फोन रोलच्या डब्याजवळ धरला आणि दुसऱ्या हाताने चाक. एवढ्या आवाजात त्याचं बोलणं कळायचं नाही, म्हणून मधूनमधून फोन कानाला लावत होते. "सैल कर थोडं." पुन्हा धरला. "अजून." पुन्हा धरला. तो तिकडे कारखान्याबाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिला असावा, कारण त्याच्या मागचा आवाज बंद झाला होता.

"आता चाकाला हात लावू नको," तो म्हणाला.

मी फोन कमरेला खोचून खाली वाकले आणि ओंजळ धरली. अख्खा दाणा पडत होता.

फोन कानाला लावला तर तो अजून ऐकत होता. मी फोन पुन्हा रोलजवळ धरला. रमणभाईंनी दुसरं पोतं ओतलं.